मायामी–बिमिनी जलप्रवास (छोट्या मोटरबोटीने)

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या आग्नेय किनाऱ्यावरून निघून, फ्लोरिडा सामुद्रधुनी ओलांडून, बहामा द्वीपसमूहाच्या पश्चिम टोकाकडच्या बिमिनी बेटांवर पोहोचण्याचा खुल्या समुद्रातील प्रवास. मायामी बंदराच्या मुखापासून बिमिनीपर्यंतचे अंतर सुमारे ४५ सागरी मैल, म्हणजे ८३ किमी. आहे. सात ते दहा मीटर लांबीच्या, मागच्या बाजूला बाहेरून एक किंवा दोन इंजिने (आउटबोर्ड) बसवलेल्या बोटी समुद्र शांत असताना हे अंतर अडीच तासांच्या आत कापतात. त्यामुळे हौशी नाविकांना हा प्रवास सहलीसारखा वाटतो. वाटेत आडवा येणारा गल्फ स्ट्रीम हा समुद्रप्रवाह मात्र हे पाणी किनाऱ्यालगतच्या पाण्याहून अगदी वेगळे करून टाकतो. हा प्रवास सुखरूप होण्यात बोटीच्या अश्वशक्तीपेक्षा निघण्यासाठी निवडलेल्या दिवसाचा वाटा मोठा असतो.

मेक्सिकोच्या आखातातून बाहेर पडणारे उबदार पाणी प्रथम फ्लोरिडा आणि क्यूबा यांच्यामधून पूर्वेकडे आणि मग फ्लोरिडा आणि बहामा यांच्यामधील चिंचोळ्या पट्ट्यातून उत्तरेकडे वाहते. गल्फ स्ट्रीमच्या या आरंभीच्या भागाला फ्लोरिडा प्रवाह म्हणतात. त्यातून दर सेकंदाला सुमारे ३ कोटी घनमीटर पाणी वाहते. पृष्ठभागावरील वेग प्रवाहाच्या गाभ्यात साडेतीन नॉटपर्यंत (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) जातो, कडांना तो कमी होतो. हिशेबासाठी संपूर्ण रुंदीवर सरासरी अडीच नॉट धरण्याची रीत आहे. १५१३ साली स्पॅनिश दर्यावर्दी हुआन पोन्से दे लेओन याची जहाजे वारा अनुकूल असूनही या पाण्यात मागे सरकली, ही या प्रवाहाची सर्वांत जुनी लेखी नोंद मानली जाते.

प्रवाहाचा हिशेब अवघड नाही, पण तो निघण्यापूर्वी कागदावर मांडावा लागतो. बिमिनी मायामीच्या जवळजवळ सरळ पूर्वेला आहे. २० नॉट वेगाच्या बोटीने नाळ, म्हणजे पुढचे टोक, नेमकी पूर्वेकडे धरली, तर सव्वादोन तासांत प्रवाह तिला साडेपाच सागरी मैल उत्तरेला नेतो आणि बेट उजव्या हाताला दक्षिणेकडे राहून जाते. म्हणून सुरुवातीपासूनच सुमारे ७ अंश दक्षिणेकडे झुकून, म्हणजे पूर्वेच्या ९० ऐवजी ९७ अंशांवर, सुकाणू धरतात. या भागात चुंबकीय उत्तर खऱ्या उत्तरेच्या पश्चिमेला सुमारे ७ अंश पडते, तेव्हा होकायंत्रावर तोच मार्ग ९७ ऐवजी १०४ अंशांवर येतो. सहा नॉटने चालणाऱ्या संथ बोटीला मात्र २५ अंशांची सूट द्यावी लागते आणि आठ तासांहून अधिक वेळ लागतो. त्यामुळे अशा बोटींचे नाविक मायामीहून न निघता बरेच दक्षिणेकडे की लार्गो या बेटाच्या आसपासून निघतात आणि प्रवाहाचा उपयोग करून घेतात. चार्टप्लॉटरच्या (नकाशावर बोटीचे स्थान दाखवणाऱ्या यंत्राच्या) पडद्यावर बेटाचा ठिपका दिसतो, म्हणून नाळ सतत त्याच ठिपक्यावर रोखून ठेवणे ही नवख्यांची नेहमीची चूक आहे. प्रवाह बोटीला उत्तरेकडे ढकलत राहतो, नाविक थोडी थोडी दक्षिणेकडे वळवत राहतो, मार्ग धनुष्यासारखा वाकतो आणि शेवटचे काही मैल प्रवाहाला तोंड देत काढावे लागतात. पडद्यावर आखलेल्या सरळ रेषेपासून आपण किती ढळलो ते पाहत जाणे हाच त्यावरचा उपाय.

प्रवाहाची दिशा बदलत नाही. बदलतो तो वारा, आणि खरा निर्णय वाऱ्याचाच असतो. दक्षिणेचा किंवा आग्नेयेचा वारा प्रवाहाच्या सोबतीने वाहतो, लाटा लांब आणि उतरत्या राहतात. वारा उत्तरेकडे, म्हणजे वायव्य ते ईशान्य या पट्ट्यात गेला की तो प्रवाहाच्या विरुद्ध वाहू लागतो. तेव्हा लाटांमधील अंतर आखडते, उंची वाढते आणि लाटेचा पुढचा भाग भिंतीसारखा ताठ उभा राहतो. एका लाटेवरून उतरणाऱ्या छोट्या बोटीची नाळ सावरण्याआधीच पुढच्या लाटेत घुसते, पाणी आत येते आणि मागे आउटबोर्डचा पंखा क्षणभर पाण्याबाहेर येऊन इंजिन किंचाळते. ओहोटीचे पाणी जोरात बाहेर पडत असताना समोरून वारा सुटला, तर खाडीच्या मुखाशी काय होते हे कोकणातील कोणत्याही तांडेलाला सांगावे लागत नाही. इथे तोच प्रकार कित्येक मैल रुंदीच्या पट्ट्यात घडतो. किनाऱ्यावर १५ नॉटचा साधा वाटणारा उत्तरी वारा छोट्या बोटीला प्रवाहाच्या मध्यावर धोक्यात आणायला पुरेसा असतो. निघण्यापूर्वी बंदराच्या मुखाशी थांबून पूर्वेचे क्षितिज न्याहाळण्याची फ्लोरिडातील नाविकांची जुनी सवय आहे. ते सुतासारखे सरळ दिसले तर ठीक, पण ते उंचसखल, दातेरी दिसले, तर क्षितिजावर हत्ती चालले आहेत असे म्हणतात आणि बोट परत धक्क्याला लावतात. ही थट्टा असली तरी हवामान खात्याच्या अंदाजाइतकीच ती उपयोगी पडते, कारण तिथे दिसतो तो प्रत्यक्ष प्रवाहावरचा समुद्र.

हिवाळ्यात उत्तरेकडून दर काही दिवसांनी शीत आघाड्या, म्हणजे पुढे सरकणाऱ्या थंड हवेच्या कडा, येतात. आघाडी जवळ येताना वारा दक्षिणेकडे वळतो, ती पार होताच नैर्ऋत्य, पश्चिम, वायव्य असा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरत उत्तरेला जातो आणि मग सावकाश पूर्वेकडे येतो. दोन आघाड्यांच्या मधल्या, वारा मंदावून आग्नेयेला आलेल्या दिवसाची नाविक वाट पाहतात. कधी त्यासाठी आठवडाभर थांबावे लागते. परतीची तारीख आधीच ठरवून निघालेल्या माणसालाच चुकीच्या दिवशी समुद्रात उतरण्याचा मोह अधिक होतो, हे इथे वारंवार दिसते. उन्हाळ्यात वारे सौम्य असतात. परंतु दुपारनंतर गडगडाटी वादळे उठतात, म्हणून पहाटे निघतात. १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा काळ असतो.

इंजिन बंद पडले तर काय, या एका प्रश्नाभोवती सारी तयारी फिरते. सामुद्रधुनीची खोली शेकडो मीटर असल्याने मध्यावर नांगर टाकून थांबता येत नाही. बंद पडलेली बोट अडीच नॉटच्या हिशेबाने एका दिवसात ६० सागरी मैल उत्तरेला जाते, आणि तासाभरापूर्वी रेडिओवरून कळवलेल्या ठिकाणी ती सापडत नाही. म्हणून दोन इंजिनांची बोट पसंत केली जाते, पण दोन्ही इंजिने एकाच टाकीतील गढूळ पेट्रोलवर चालत असतील तर त्या दुसऱ्या इंजिनाला फारसा अर्थ उरत नाही. इंधनाचा एक तृतीयांश भाग जाण्यासाठी, एक तृतीयांश येण्यासाठी आणि उरलेला राखीव, असा नेम आहे. व्हीएचएफ रेडिओची १६ क्रमांकाची वाहिनी संकटाच्या हाकेसाठी राखलेली असली, तरी तिच्या लहरी सरळ रेषेत जातात आणि ठेंगण्या बोटीवरून त्यांचा पल्ला मर्यादित असतो. मोबाइलला तर मध्यावर सिग्नलच मिळत नाही. खरा आधार ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहांना संदेश देणाऱ्या संकटसूचक यंत्राचा असतो. त्यात जीपीएस असल्यास वाहत जाणाऱ्या बोटीचे बदलते स्थानही बचाव पथकाला कळत राहते. लाइफ जॅकेट पेटीत न ठेवता अंगावर घालतात. चालक बोटीबाहेर फेकला गेल्यास इंजिन बंद करणारी दोरी त्याने स्वतःला जोडून ठेवणे, २६ फुटांहून लहान बोटींसाठी अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून बंधनकारक आहे. बोटीचे वर्णन, माणसांची संख्या, निघण्याची वेळ आणि पोहोचल्याचा निरोप न आल्यास केव्हा शोध सुरू करायचा, हे किनाऱ्यावरील एका विश्वासू माणसाकडे लिहून ठेवतात. बहामाच्या बाजूला बहामा एअर सी रेस्क्यू असोसिएशन ही स्वयंसेवकांची संस्था बचावकार्य करते.

जानेवारी २०२२ मध्ये माणसांची चोरटी वाहतूक करणारी एक बोट ४० जणांना घेऊन रात्री बिमिनीहून फ्लोरिडाकडे निघाली आणि खराब हवेत उलटली. कोणाच्याही अंगावर लाइफ जॅकेट नव्हते. काही दिवसांनी एका जहाजाला उलट्या बोटीवर बसलेला एकच माणूस दिसला. ते ठिकाण फोर्ट पियर्सच्या पूर्वेला, समुद्रात सुमारे ४५ मैलांवर, म्हणजे बिमिनीच्या उत्तरेला शंभराहून अधिक मैल दूर होते; प्रवाहाने बोट तितकी वाहत नेली होती.

वाटेत मालवाहू जहाजे आणि मायामीहून निघालेल्या प्रचंड प्रवासी नौका आडव्या येतात. उत्तरेकडे जाणारी जहाजे प्रवाहाचा गाभा धरतात, दक्षिणेकडे जाणारी तो टाळण्यासाठी फ्लोरिडाच्या किनाऱ्याला खेटून येतात. आपल्याकडे येणाऱ्या जहाजाची दिशा आपल्या बोटीवरून एकसारखीच दिसत राहिली, तर टक्कर ठरलेली समजून वेळीच स्पष्ट दिसेल असे वळण घेतात.

बिमिनी जवळ आल्याची पहिली खूण पाण्याच्या रंगात असते. गर्द निळे पाणी काही क्षणांत फिरोजी होते, कारण तळ शेकडो मीटरवरून चार-पाच मीटरवर येतो. उथळ पाणी रंगावरून वाचतात: तपकिरी डाग म्हणजे खडक किंवा समुद्रगवत, पांढुरके म्हणजे वाळू. हे वाचन सूर्य माथ्यावर किंवा पाठीशी असतानाच जमते. पहाटे अंधारात निघून सकाळी आठला पोहोचणाऱ्याच्या डोळ्यांवर पूर्वेचे ऊन येते आणि नेमके खडक दिसत नाहीत; म्हणून दहा-अकराच्या सुमारास पोहोचणे बरे. उत्तर व दक्षिण बिमिनीमधल्या प्रवेशमार्गावर वाळूचे दांडे सरकत राहतात, त्यामुळे जुन्या नकाशापेक्षा बोयांवर (पाण्यातल्या तरंगत्या खुणांवर) आणि डोळ्यांवर विसंबावे लागते. बंदरात शिरल्यावर पिवळा ध्वज लावतात आणि जकात व इमिग्रेशनचे सोपस्कार होईपर्यंत कप्तानाशिवाय कोणी खाली उतरत नाही.

परतताना पुष्कळ नाविक मायामी सोडून त्याच्या उत्तरेकडील फोर्ट लॉडरडेलचे पोर्ट एव्हरग्लेड्स बंदर गाठतात. तिथपर्यंतचे अंतर सुमारे ५० सागरी मैल भरते; पण जाताना प्रवाहाशी जे भांडावे लागते ते या वाटेवर उरत नाही, कारण तोच बोटीला बंदराकडे नेतो. उत्तरेचा वारा सुटला तर मात्र दोन्ही वाटा सारख्याच बंद असतात, आणि बोट बिमिनीच्या धक्क्यालाच बांधलेली राहते.