फोडणीचा भात आणि दोन जागचं पाणी

गेल्या डिसेंबरात पानशेतच्या रस्त्याला मित्राच्या शेतावर फोडणीचा भात करायला घेतला. तीन दगडांची चूल, आईची लोखंडी कढई आणि चायनीजच्या गाडीवर उडवतात तसा भात उडवायची हौस. झाला लगदा.

घोळ पाण्याने घातला, तोही दोन जागी. एक, भातात. तो नुकताच शिजवलेला, वाफाळता. पुण्याच्या उंचीवर पाणी साधारण ९८ अंशांना उकळतं. एक ग्रॅम पाणी २५ अंशांवरून तिथवर न्यायला ७३ कॅलरी पुरतात, पण त्याची वाफ करायला आणखी सुमारे ५४० लागतात. ओला भात पडला की कढईची सगळी धग त्या वाफेतच जाते, आणि दाण्यावर पाणी आहे तोवर तो उकळीच्या फारसा पुढे तापत नाही. खमंग वास आणि तांबूस रंग देणारी मेयार अभिक्रिया मात्र १४० अंशांच्या आसपास जोर धरते. शिळ्या भातालाच फोडणी द्यायची, यामागे नुसती काटकसर नाही: रात्रभरात वरचा ओलावा उडतो, स्टार्च आखडून दाणा घट्ट होतो.

दुसरं पाणी लाकडात. बांधावरची ताजी बाभूळ आम्ही कौतुकाने तोडून आणली होती. ओल्या लाकडात निम्मं वजन पाण्याचंही असू शकतं. टोकांतून फेस येत होता, चर्र आवाज होत होता, आणि जाळापेक्षा धूरच जास्त. उरलासुरला जाळ वारा कढईखालून बाहेर ओढत होता.

मग शेजारच्या गोठ्यातून वाळकी लाकडं आणली, वाऱ्याच्या बाजूला फरशी उभी केली. उरलेला भात मात्र ताटात पसरून तासभर त्याच वाऱ्यावर ठेवला. रिकामी कढई तापवून पाण्याचा थेंब टाकला. आधी तो चर्र करून उडाला. थोड्या वेळाने टाकलेला थेंब मोत्यासारखा घरंगळत राहिला. खालच्या वाफेच्या गादीवर तो तरंगतो. लायडनफ्रॉस्ट या जर्मन डॉक्टरने १७५६ साली हे लिहून ठेवलं, तेही लोखंडी चमचा तापवून! कढई निदान दोनशेच्या घरात पोचल्याची ही खूण.

तेल, मोहरी, मग मूठ-मूठ भात. मुरलेले आचारी सेकंदाला जवळजवळ तीनदा कढई झटकतात. हवेत गेलेला दाणा जरा निवतो, म्हणून करपत नाही. मी दोनदा झटकली, निम्मा भात राखेत गेला. पुढे मुकाट्याने उलथनं.

पहिला लगदा दह्यात कालवून संपवला.