पलटणी पोहोचल्या, शिधा मागे राहिला

१९२२ साली बेळगावात एका जुन्या पलटणीला वेगळंच काम मिळालं. ही ११४वी मराठा. चारच वर्षांपूर्वी मेसोपोटेमियातल्या, म्हणजे तेव्हाच्या तुर्की अंमलाखालच्या आणि आजच्या इराकमधल्या, शरकातच्या लढाईत तिने २८ शौर्यपदकं मिळवली होती. लष्कराच्या फेररचनेत ती ५व्या मराठा लाईट इन्फंट्रीची १०वी बटालियन झाली आणि तिच्याकडून आघाडी काढून घेण्यात आली. यापुढे तिने रंगरूट घ्यायचे, त्यांना तयार करायचं आणि रेजिमेंटच्या बाकीच्या पाच पलटणींना माणसं पुरवायची. इतक्या नावाजलेल्या पलटणीला प्रशिक्षणाला का बसवलं, हे समजायचं तर आठ वर्षं मागे, मुंबईच्या गोदीत जावं लागतं.

१६ ऑक्टोबर १९१४ रोजी ६व्या पूना डिव्हिजनची एक ब्रिगेड ब्रिगेडियर जनरल डेलामेनच्या हाताखाली मुंबईहून निघाली. त्या वेळी तुर्कस्तान पहिल्या महायुद्धात उतरलेलंही नव्हतं. इराणी आखातातल्या आबादानचा तेल शुद्धीकरण कारखाना आणि तिथवर येणारी तेलवाहिनी राखायची, किनाऱ्यावरच्या अरब शेखांवर वचक ठेवायचा, एवढाच हेतू होता. बहारीनला थोडं थांबून ६ नोव्हेंबरला फौज फावला उतरली आणि त्याच महिन्यात बसरा ताब्यात आलं. मागोमाग डिव्हिजनच्या उरलेल्या ब्रिगेड आल्या. तिन्ही ब्रिगेडमध्ये मिळून तीन मराठा पलटणी होत्या: १०३वी, ११०वी आणि ११७वी. सातारा, रत्नागिरीकडची ही माणसं खजुराच्या बागांत आणि गुडघाभर चिखलात उतरली, तेव्हा महिन्या-दोन महिन्यांत परतू असंच बहुतेकांना वाटलं असणार.

बसरा हे नावाचंच बंदर होतं. मोठं जहाज टेकेल असा एकही धक्का तिथे नव्हता. जहाजं नदीच्या मध्यावर नांगर टाकत आणि माल महैला नावाच्या शिडाच्या होड्यांत उतरवून काठावर आणावा लागे. कोकणच्या शिपायांना यात नवल वाटलं नसेल. त्यांच्या गावच्या बंदरात आगबोट अशीच लांब उभी राहायची आणि पडाव माणसं आणायला जायचे. पण गावी उतारू आणणं वेगळं आणि डिव्हिजनभर तोफा, खेचरं, दारूगोळा, पीठ उतरवणं वेगळं. एकेक जहाज रिकामं व्हायला आठवडे लागत आणि मागची जहाजं रांगेत ताटकळत.

बसऱ्याच्या पुढे धड रस्ताच नव्हता. जे काही जायचं ते तैग्रिस नदीनेच. नदीमार्गे बगदाद सुमारे ५०० मैल, कारण नदी सतत वळसे घेत जाते. वसंतात उत्तरेकडच्या डोंगरांतलं बर्फ वितळलं की तिला पूर येतो, आजूबाजूचं वाळवंट तळ्यासारखं होतं आणि पाय ठेवायला कोरडी जमीन उरत नाही. पावसाळा संपता संपता, म्हणजे आपल्याकडे नद्या भरलेल्या असतात तेव्हा, तैग्रिसचं पाणी एवढं उतरतं की तीन-चार फुटांपेक्षा जास्त बूड असलेली बोट गाळात रुतते. अशा नदीला लागतात उथळ तळाच्या खास आगबोटी, आणि त्या भारत सरकारकडे नव्हत्या. फौजेचा आकार ठरवताना शिपाई मोजले गेले; बोटी कोणी मोजल्याच नाहीत.

एप्रिल १९१५ मध्ये जनरल जॉन निक्सन सेनापती म्हणून आला, आणि पूना डिव्हिजन मेजर जनरल टाउनशेंडच्या हाती गेली. इथून मोहिमेचा हेतू नकळत वाढत गेला. तेल राखायला आलेली फौज जूनमध्ये अमाराला, जुलैत नासिरियाला आणि सप्टेंबरच्या अखेरीस तैग्रिसकाठच्या कूटला पोहोचली. दर विजयाबरोबर मागचा रस्ता लांबला. निक्सनने उन्हाळ्यातच जादा बोटी मागितल्या होत्या, बसरा ते नासिरिया रेल्वेही मागितली होती. खर्चाचं कारण सांगून रेल्वे नाकारली गेली. बोटींची मागणी सिमला आणि लंडन यांच्यातल्या पत्रव्यवहारात फिरत राहिली. त्यांतल्या बऱ्याच आल्या तेव्हा त्यांचा उपयोग संपला होता. निक्सनचाही दोष आहेच. बोटी नाहीत हे माहीत असून बगदादकडे जायचा हट्ट त्याने सोडला नाही.

२२ नोव्हेंबर १९१५ रोजी बगदादच्या अलीकडे टेसिफोनला तुर्की फौजेशी गाठ पडली. तुर्कांची पहिली फळी मोडली, पण टाउनशेंडची चार हजारांहून जास्त माणसं पडली आणि मागून यायला ताजी पलटण नव्हती. जखमींना नेण्यासाठी स्प्रिंग नसलेल्या खेचरगाड्या होत्या. मोडलेल्या हाडांची माणसं त्यांतून नदीपर्यंत हिसके खात आली आणि तिथून उघड्या बोटींवर, पडावांवर दिवसच्या दिवस पडून राहिली. अशीच एक बोट बसऱ्याला आली तेव्हा इंडियन मेडिकल सर्व्हिसचा मेजर कार्टर तिथे रुग्णजहाजावर होता. लांबून त्याला वाटलं, बोटीच्या कडेला दोरखंड लोंबताहेत. जवळ आल्यावर कळलं, ती वाळलेली विष्ठा होती. त्याने हे लेखी कळवलं, तर वरिष्ठांनी त्यालाच अटकेची धमकी दिली.

टाउनशेंड मागे हटून कूटला थांबला आणि ७ डिसेंबरला वेढा पडला. त्याला सोडवण्यासाठी फ्रान्समधून ३री लाहोर आणि ७वी मीरत या दोन भारतीय डिव्हिजन बोलावण्यात आल्या. कुमक म्हणजे काय नसतं, हे यानंतरच्या चार महिन्यांत दिसतं. पलटणी बसऱ्यात उतरल्या तशा, म्हणजे जहाज ज्या क्रमाने आलं त्या क्रमाने, पुढे रवाना झाल्या. कुठे पलटण आली पण तिची खेचरं मागच्या जहाजात, कुठे ब्रिगेड आली पण तिचे तोफखानेवाले, दवाखाना आणि तारायंत्र अजून समुद्रात. बोटी अपुऱ्या म्हणून शिपाई नदीकाठाने पायी निघाले. एकमेकांना कधी न पाहिलेल्या पलटणी वाटेत जोडून ब्रिगेड तयार झाल्या आणि या सुटकेच्या फौजेचा प्रमुख जनरल एल्मर याला पुरेसे स्टाफ अधिकारीही मिळाले नाहीत. याच वेळी हजारो ताजे शिपाई बसऱ्यात अडकून पडले होते, कारण त्यांना वर न्यायला बोट नव्हती आणि नेलं तरी तिथे खायला घालायला शिधा नव्हता. आघाडीवर माणूस वाढला की पोट वाढतं, आणि त्या पोटासाठी लागणारी बोट पुढच्या माणसाला आणू शकत नाही.

मुळात एवढी घाई कशाची होती? टाउनशेंडने सुरुवातीला कळवलं होतं की कूटमधलं अन्न जेमतेम फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत पुरेल. म्हणून एल्मरने अर्धवट जमलेली फौज घेऊन जानेवारीत शेख साद, वादी आणि हन्ना अशा तीन लढाया दिल्या. एकट्या हन्नाला २,७०० च्या आसपास माणसं पडली. त्यानंतर, जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, टाउनशेंडने गावातल्या घरांची झडती घेतली, धान्य सापडलं, आणि नवा हिशेब आला: अजून सुमारे ८४ दिवस निघतील. हा हिशेब डिसेंबरातच झाला असता तर एल्मर महिनाभर थांबला असता. एका कोठाराची मोजणी वेळेवर झाली नाही, याची एवढी किंमत फार थोड्या ठिकाणी मोजावी लागली असेल.

मार्चमध्ये दुजैला, एप्रिलमध्ये सन्नायत; दोन्हीकडे माघार. कूटमध्ये घोडे आणि खेचरं कापायची वेळ आली, तेव्हा बहुतेक भारतीय शिपायांनी ते मांस खायला नकार दिला. भारतातून धर्माधिकाऱ्यांच्या परवानगीचे निरोप मागवण्यात आले, तरी अनेकांनी शेवटपर्यंत हात लावला नाही. स्कर्व्ही (जीवनसत्त्वाअभावी होणारा रोग) आणि हगवणीने तेच आधी झिजले. विमानांतून पिठाची पोती टाकून बघितली, पण विमानं लहान आणि तोंडं हजारो. २७० टन सामान घेऊन निघालेली ‘जुलनार’ ही बोट एप्रिलच्या अखेरीस तुर्कांच्या हाती पडली. २९ एप्रिल १९१६ रोजी, जवळपास पाच महिन्यांनी, कूटने शस्त्रं खाली ठेवली. सुमारे १३,००० कैदी झाले. त्यात हजारो बिगरलढाऊ नोकरही होते. कैदेत चार हजारांहून अधिक मेले. त्यांना सोडवायला गेलेल्या फौजेची हानी होती २३,०००.

मोहिमेची सूत्रं लंडनच्या युद्ध कार्यालयाने फेब्रुवारी १९१६ मध्येच घेतली होती. ऑगस्ट १९१६ मध्ये जनरल मॉड सेनापती झाला आणि त्याने जे केलं ते बघणाऱ्याला कंटाळवाणं वाटलं असेल: डिसेंबरच्या मध्यापर्यंत तो हललाच नाही. त्या काळात बसऱ्याजवळ मार्गिल या ठिकाणी धक्के बांधले गेले. भारतातून रूळ, स्लीपर, इंजिनं आणि ती चालवणारी माणसं आली. कुर्ना ते अमारा आणि बसरा ते नासिरिया असे रेल्वेमार्ग पडले, आघाडीच्या अगदी मागे शेख सादहून अरुंद रूळ टाकले. भारतातल्या आणि ब्रह्मदेशातल्या नद्यांवरच्या आगबोटी अरबी समुद्रातून ओढत आणल्या. नदीसाठी बांधलेल्या त्या बोटींतल्या कित्येक वाटेतच बुडाल्या. दवाखाने वाढले. आजारी भारतीय शिपायांच्या शिध्यातला दोष शोधला गेला आणि स्कर्व्हीवर उपाय म्हणून मोड आलेली कडधान्यं सुचवली गेली. आपल्या स्वयंपाकघरात रोज मोड आणतात. ती गोष्ट लष्कराच्या कागदावर यायला लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधलं संशोधन लागलं.

हे सगळं उचलायला माणसं लागली, आणि ती बंदूक नसलेली होती: हमाल, खलाशी, रूळ टाकणारे, खेचरवाले, भिश्ती, सफाईवाले. १९१६ च्या अखेरीपासून भारतातल्या तुरुंगांतून शिक्षा माफीच्या बोलीवर कैदी नेले गेले आणि त्यांच्या वेगळ्या मजूर पलटणी झाल्या. युद्धभरात मेसोपोटेमियात गेलेल्या लाखो भारतीयांपैकी जवळपास निम्मे असे बिगरलढाऊ होते. कूटच्या कहाण्यांत ते क्वचितच दिसतात. मुंबईत मशीद बंदरला खलाशांचं एक स्मारक आहे, त्या युद्धात गेलेल्या दोन हजारांहून अधिक नाविकांचं. रोज त्याच्या शेजारून जाणाऱ्यांनाही ते बहुधा ठाऊक नसतं.

१३ डिसेंबर १९१६ ला मॉड निघाला. फेब्रुवारीत कूट परत मिळालं, ११ मार्च १९१७ रोजी बगदाद. शत्रू तोच, नदी तीच, आणि शिपाईही बरेचसे त्याच प्रांतांतले. त्याच वर्षी जूनमध्ये या मोहिमेची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल लंडनला प्रसिद्ध झाला आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेनने राजीनामा दिला. मॉड नोव्हेंबरमध्ये बगदादला पटकीने गेला.

शिधा-बोटींचा प्रश्न असा पैसे ओतून सुटला. माणसांचा प्रश्न जास्त चिवट होता. १९१४ ची भारतीय पलटण म्हणजे एक स्वतंत्र घर: तिचा आपला डेपो, आपले रंगरूट, कंपनीगणिक ठरलेली जात किंवा जमात. मराठा पलटणींत मराठ्यांच्या कंपन्या आणि दख्खनी मुसलमानांच्या कंपन्या वेगळ्या. एका कंपनीतले पन्नास गेले तर पन्नास त्याच समाजातले हवेत. डेपोत तेवढे नसत. राखीव म्हणून बोलावलेल्यांत वयाने उतरलेले बरेच, आणि मग दुसऱ्याच पलटणीतून उसनी माणसं घ्यावी लागत, ज्यांना इथले सुभेदार ओळखत नसत. इंग्रज अधिकारी तर पलटणीमागे डझनभरच. ते पडले की शिपायांची भाषा येणारा दुसरा मिळेपर्यंत महिने जात. गोऱ्या पलटणींनाही हा फटका बसलाच. कूटमध्ये अडकलेल्या नॉरफोक आणि डॉर्सेट पलटणींच्या बाहेर उरलेल्या माणसांची एकच जोड-पलटण केली, तिला शिपाई गमतीने ‘नॉरसेट्स’ म्हणत.

कूट पडलं तेव्हा १०३वी, ११०वी आणि ११७वी या तिन्ही मराठा पलटणी जवळपास पूर्णच नाहीशा झाल्या. त्या पुन्हा भरल्या गेल्या. त्यासाठी भरतीचं जाळं जुन्या ‘लढाऊ’ गावांबाहेर टाकावं लागलं, वर्षानुवर्षं बंद ठेवलेली महारांची भरतीही १९१७ मध्ये पुन्हा उघडली आणि १११वी महार पलटण उभी राहिली. गरज सरल्यावर, १९२१ मध्ये, ती मोडलीही.

पुढच्याच वर्षी फेररचना आली. सुट्या पलटणी संपल्या आणि पाच-सहा जणींची एक रेजिमेंट झाली. त्यातली एक कायम घरी राहून बाकीच्यांना माणसं पुरवणार. १०३वी झाली पहिली बटालियन, ११०वी तिसरी, ११७वी पाचवी. ११४वी बेळगावात राहिली. मराठा लाईट इन्फंट्रीचं प्रशिक्षण केंद्र आजही तिथेच आहे.