एसयूव्हीची उंची कमी करायची आहे? आरटीओचा अर्ज, पात्रता आणि कागदपत्रं

“मामा, स्प्रिंगा बदलून गाडी थोडी खाली बसवायची आहे. आरटीओत कोणता फॉर्म भरायचा?” भाच्याचा हा प्रश्न हौसेपोटी नव्हता. ताईचे गुडघे दुखतात आणि नव्या एसयूव्हीत चढताना तिला दर वेळी कुणाचा तरी हात धरावा लागतो. गॅरेजवाल्याने त्याला तीस-चाळीस मिलिमीटर कमी करून देतो, एका दिवसाचं काम आहे, असं सांगितलं होतं. पोरगा शहाणा, म्हणून आधी कागदांची चौकशी करायला आला. तेव्हा जे सगळं पाहिलं, ते इथे सविस्तर लिहितो आहे.

उत्तर आधीच सांगतो. खासगी गाडीला बाजारातल्या छोट्या स्प्रिंगा लावून ती खाली बसवायची आणि आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) तशी नोंद करून घ्यायची, असा अर्ज नाही. इंदूरला नायता मुंडल्याच्या आरटीओत जा किंवा परिवहन पोर्टल उघडा, यासाठी वेगळा फॉर्म सापडणार नाही. कुणी पैसे घेऊन “परवानगी काढून देतो” म्हणत असेल, तर तो कोणत्या कलमाखाली काढणार ते आधी विचारा.

याचं मूळ मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये आहे. नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाने करू नये, असं ते कलम सांगतं. सीएनजी किट, बॅटरी अशा इंधनाच्या बदलांना त्यात अटींसह वाट ठेवली आहे, सस्पेन्शनला, म्हणजे स्प्रिंग-शॉकअपच्या जोडणीला, नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कडक लावला आणि कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळी होईल अशी गाडी बदलता येणार नाही, असं म्हटलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १८२अ आलं. परवानगी नसलेला बदल मालकाने केला, नवे भाग बसवून केला तरीही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही.

गॅरेजमध्ये यावर एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो: “आरसीवर हाइट कुठे लिहिली आहे?” खरं आहे. आरसीवर इंजिन आणि चेसिस नंबर, इंधन, सीटा, रिकाम्या गाडीचं वजन, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) असतं, ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून गाडीच्या तळापर्यंतची उंची, नसतो. पण तिथे लिहिलेलं नाही म्हणजे परवानगी मिळाली, असं होत नाही. अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर गाडीखाली वाकून पाहील, तेव्हा तुमच्या हातात एकही कागद नसेल. मी तरी या युक्तिवादावर घरातल्या माणसांना बसवून गाडी चालवणार नाही.

कायदा एवढा आडमुठा का, असं भाच्यालाही वाटलं. इंदूरकरांना याचं उत्तर घराजवळच आहे. पीथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक आहे, तो २०२१ मध्ये सुरू झाला. गाड्या वेगात, वळणावर आणि ब्रेक मारताना कशा वागतात हे अशाच जागी पाहिलं जातं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ प्रमाणे प्रत्येक मॉडेलचा नमुना मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घेणं कंपनीला बंधनकारक आहे. ती मान्यता स्प्रिंग, शॉकअप, ब्रेक, टायर या सगळ्या जोडणीला मिळते. आपण त्यातली एकच वस्तू बदलतो.

आणि ती वस्तू एकटी नसते. स्प्रिंग छोटी झाली की शॉकअपची दांडी कायम आत दाबलेली राहते. खड्ड्यात तिला जायला जागा उरत नाही, सस्पेन्शन बंपस्टॉपवर, म्हणजे शेवटच्या रबरी ठोकळ्यावर, आपटतं. म्हणून अशा स्प्रिंगा जास्त कडक करतात, आणि मग शॉकअपला ती उसळी आवरत नाही. पुढच्या चाकांचा कॅम्बर (उभा कल) आणि टो (आत-बाहेर वळलेली दिशा) बदलतो, टायर एका बाजूने खातो. मागे सलग अॅक्सल आणि त्याला आडवा पॅनहार्ड रॉड (गाडीच्या सांगाड्याशी जोडणारी दांडी) असेल, तर गाडी खाली बसताच पूर्ण अॅक्सल थोडा एका बाजूला सरकतो, कारण तो रॉड कमानीत फिरतो. हेडलाइटचा झोत बदलतो. काचेमागे कॅमेरा किंवा ग्रिलमध्ये रडार असेल, तर त्याला रस्ता जिथे दिसायचा तिथे दिसत नाही. काही जण तर नव्या स्प्रिंगेचा खर्च वाचवायला जुनीचेच वेढे कापतात. ते कधीही करू देऊ नका. जाम घाटात किंवा भेरूघाटात चाक मोकळं लोंबकळलं की अशी स्प्रिंग आपल्या जागेवरून निसटू शकते.

गाडी खाली आली की गुरुत्वमध्य खाली येतो, वळणावर ती कमी झुकते, हा फायदा खोटा नाही. पण तो स्प्रिंग, शॉकअप आणि चाकांची भूमिती एकत्र ठरवली तरच मिळतो.

आता कायद्याने उघडी असलेली वाट. गाडी दिव्यांग व्यक्तीसाठी असेल, तर कलम ५२ प्रमाणे तिचं रूपांतर ‘अनुकूलित वाहना’त करता येतं. व्याख्येनुसार अशी गाडी फक्त त्या व्यक्तीनेच किंवा तिच्यासाठीच वापरायची असते. नुसतं वय झालंय किंवा गुडघे दुखतात, एवढ्यावर ही पात्रता येत नाही. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. ताई यात बसत नव्हती. तिच्यासाठी कंपनीच्याच अॅक्सेसरीच्या यादीतला फूटस्टेप शोरूममधून लावला, तिचा प्रश्न तिथेच मिटला.

जे पात्र आहेत त्यांनी ही कागदपत्रं काढून ठेवावीत: आरसी, चालू विमा, पीयूसी, दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र), मालकाची ओळख आणि पत्त्याचा पुरावा, काम करणाऱ्याचं बिल आणि नेमका काय बदल केला याचं त्याच्या लेटरहेडवरचं वर्णन. गाडी कर्जावर असेल तर बँकेची लेखी संमती हवी. कायद्यात मंजुरी बदल झाल्यानंतर घेण्याची सोय असली, तरी माझं कळकळीचं सांगणं आहे: स्प्रिंगेला हात लावण्याआधी बदलाचं वर्णन लेखी घेऊन आरटीओच्या निरीक्षकाला दाखवा. काम झाल्यावर १४ दिवसांत कळवायचं असतं. परिवहन पोर्टलवर गाडीचा नंबर आणि चेसिस नंबरची शेवटची पाच अक्षरं टाकून आत जाता येतं. ओटीपी येतो, म्हणून आरसीशी जोडलेला मोबाइल नंबर आधी तपासा. नंतर गाडी तपासणीला न्यावी लागते. नवीन गाडी घेत असाल, तर मालकीचा ‘दिव्यांगजन’ हा प्रकार नोंदणीच्या फॉर्म २० मध्येच निवडा. ऑक्टोबर २०२० च्या दुरुस्तीपासून तो रकाना आहे.

थकलेली, बसलेली स्प्रिंग बदलून त्याच मापाची कंपनीची स्प्रिंग लावणं ही दुरुस्ती आहे, बदल नाही. त्याला परवानगी लागत नाही. पार्ट नंबर असलेलं बिल ठेवा, जोडीने बदला आणि लगेच अलाइनमेंट करून घ्या.

एक गैरसमज करांचा. जीएसटी सेसच्या काळात मोठ्या एसयूव्हीच्या व्याख्येत १७० मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्सची अट होती, म्हणून गाडी खाली केली की कर परत मिळेल असं काही जणांना वाटतं. तो कर विक्रीच्या वेळच्या मॉडेलवर होता, त्यातलं काहीही परत येत नाही.

गाडी आधीच खाली बसवलेली असेल, तर विमा कंपनीला लेखी कळवून उत्तरही लेखीच घ्या. मूळ स्प्रिंगा भंगारात देऊ नका. आपल्याकडे पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांची गाडी इंदूरला आणण्याची पद्धत आहे, तिथे हे जास्त अडतं. परराज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे राहणार असेल, तर कलम ४७ प्रमाणे फॉर्म २८ ची एनओसी आणून फॉर्म २७ ने एमपी ०९ नंबर घ्यावा लागतो, आणि त्यासाठी गाडी नायता मुंडल्याला दाखवावी लागते. अशी गाडी विकत घेताना चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डपर्यंत टेप लावून चारही बाजू मोजा, शोरूममधल्या त्याच मॉडेलशी ताडून पहा, आणि कमी भरली तर विकणाऱ्याकडून जुन्या स्प्रिंगा मागून घेऊन त्या बसवल्यावरच पैसे द्या.