त्या हाताने बादली उचलायची की नाही?

स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालेल्या बाईला घरीदारी एक सल्ला हमखास मिळतो: त्या बाजूच्या हाताने जड उचलू नकोस. बादली नको, भाजीची पिशवी नको. काखेतल्या लसिकाग्रंथी, म्हणजे अंगातला पाझरलेला द्रव ज्यांतून जातो त्या गाठी, काढल्या की हात सुजू शकतो, ही भीती खरीच आहे. पण हात जपून ठेवला की सूज टळते, याला पुरावा तोकडा होता.

रक्ताच्या सर्वांत बारीक वाहिन्यांतून, म्हणजे केशवाहिन्यांतून, पाझरलेला द्रव, त्यातल्या प्रथिनांसकट, लसिकावाहिन्या गोळा करतात (त्यांतल्या द्रवाला लसिका म्हणतात) आणि मानेच्या तळाशी मोठ्या शिरांमध्ये परत सोडतात. रक्ताला हृदयाचा पंप आहे, लसिकेला तसा नाही. तिच्या वाहिनीत थोड्याथोड्या अंतरावर एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा असतात. दोन झडपांमधला तुकडा आपला आपण आकसतो आणि द्रव पुढच्या तुकड्यात ढकलतो. शेजारचा स्नायू आवळला की वाहिनी पिळली जाते, सैलावला की पुन्हा भरते. गाठी काढल्या, वर रेडिएशन झालं, की काखेतली वाट अरुंद होते आणि द्रव तुंबतो. आता गोम अशी, की व्यायामाने हाताचा रक्तपुरवठा वाढतो, म्हणजे पाझरही वाढतो. आणि त्याच व्यायामाने उपसाही वाढतो. यातलं काय वरचढ ठरेल हे कागदावर सुटत नाही.

कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये १९९६ साली डॉन मॅकेन्झी या डॉक्टरांनी स्तनाचा कर्करोग झालेल्या २४ बायकांना ड्रॅगन बोटीत, म्हणजे अनेकांनी मिळून वल्हवायच्या लांब होडीत, बसवलं. वल्हवणं म्हणजे दंड-खांद्याचं काम, तेही पुन्हा पुन्हा. आधी जिममध्ये तयारी, मग पाण्यात. हंगाम संपला तरी कुणाचा हात नव्याने सुजला नव्हता. बायकांनाही थांबायचं नव्हतं. आज अनेक देशांत अशा बोटी आहेत.

२४ बायका म्हणजे सिद्धता नव्हे. पण २००९ मध्ये अमेरिकेत संशोधक कॅथरिन श्मिट्झ यांनी हात आधीच सुजलेल्या १४१ बायकांवरचा वर्षभराचा प्रयोग प्रसिद्ध केला. आठवड्यातून दोनदा वजनं उचलणाऱ्यांपैकी १४ टक्के जणींचा त्रास उफाळला. न उचलणाऱ्यांत हाच आकडा २९ टक्के होता.

'लसिका साफ करणारे' काढे मोबाइलवर विकले जातात. काढा प्यायल्याने काखेतली बंद वाट उघडत नाही. ते पैसे चांगल्या स्लीव्हला, म्हणजे हातावर दाब देणाऱ्या घट्ट बाहीला, लावावेत. श्मिट्झ यांच्या प्रयोगातल्या बायकाही मापाच्या घट्ट स्लीव्ह घालत, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली अगदी हलक्या वजनापासून सुरुवात करत, आणि हात ठीक राहिला तरच वजन किंचित वाढवत. भरलेल्या बादलीला पहिल्याच दिवशी कुणी हात घातला नव्हता.