लिनक्सवर वायफाय दिसत नाही? आधी चिप बघा, मग ड्रायव्हर

आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक, कुडाळ

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट थांबले आणि तेव्हापासून जुन्या मशीनवर लिनक्स टाकून घेणाऱ्यांची आमच्याकडे रीघ लागली. काजू कारखान्यातला बिलिंगचा पीसी, होमस्टेच्या काउंटरवरचा डेस्कटॉप, मुलीच्या कॉलेजसाठी कधीतरी घेतलेला लॅपटॉप. बहुतेकांचं मशीन पूर्वीपेक्षा हलकं चालतंय. तक्रार येते ती मात्र ठरलेली: "वायफाय दिसणाच नाय." कुणी वेंगुर्ल्याहून फोन करतं, कुणी देवगडहून एसटीने लॅपटॉप घेऊन येतं. थोडक्यात आटपणाऱ्या कामाला अर्धा दिवस लागतो, आणि ज्या कारणाने लागतो ते सहज टाळता येण्यासारखं आहे. म्हणून हे पत्रक. मिंट किंवा उबुंटू (लिनक्सचे दोन प्रकार) चालू आहे, मेनू आणि टर्मिनल उघडता येतं, इतकं गृहीत धरलं आहे.

खोक्यावरचं नाव आणि आतली चिप

यूएसबीत खोचायच्या वायफाय डोंगलवर कुठल्या कंपनीचं नाव छापलंय याच्याशी लिनक्सला काही देणंघेणं नाही. त्याला कळते ती आतली चिप. ती बहुतेक वेळा इंटेल, रियलटेक, मीडियाटेक, ब्रॉडकॉम किंवा क्वालकॉम अथेरॉस यांपैकी एकाची असते, आणि ड्रायव्हर, म्हणजे चिप चालवणारं सॉफ्टवेअर, या चिपसाठी लिहिलेला असतो. पेटीवर देवगड हापूस लिहिलंय म्हणून आत तोच आंबा असेल असं आपण धरत नाही, फळ हातात घेऊन बघतो. इथेही तसंच करायचं.

याचं नेहमी दिलं जाणारं उदाहरण टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन ७२२एन या डोंगलचं. त्याच्या पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची एआर ९२७१ चिप होती, दुसऱ्या आवृत्तीपासून रियलटेकची ८१८८ईयूएस आली. नाव तेच, पण ड्रायव्हर पूर्ण वेगळा. पहिल्या आवृत्तीबद्दल वाचून दुसरी विकत घेणारे आजही भेटतात. गणपतीत चाकरमानी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून डोंगल घेऊन येतात आणि "दुकानदार म्हणाला सगळीकडे चालतो" असं सांगतात. दुकानदार खोटं बोलत नाही, त्याच्या डोळ्यांसमोर विंडोज असतं.

चिप बघायची कशी? मिंटच्या मेनूत सिस्टम रिपोर्ट्स किंवा सिस्टम इन्फर्मेशन या नावाचा प्रोग्राम आहे. तो उघडा आणि नेटवर्क हा भाग शोधा. तिथे चिपचं नाव, चिप-आयडी म्हणून दोन चार-चार अक्षरी आकडे, आणि ड्रायव्हरचं नाव असतं. आयडीचा पहिला भाग कंपनी सांगतो: ८०८६ म्हणजे इंटेल, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम, ०बीडीए म्हणजे रियलटेक, १४सी३ म्हणजे मीडियाटेकचं लॅपटॉपमध्ये बसवलेलं कार्ड. दुसरा भाग नेमकी चिप सांगतो. उबुंटूवाल्यांनी टर्मिनलमध्ये आतल्या कार्डासाठी एलएसपीसीआय (lspci -nnk) आणि डोंगलसाठी एलएसयूएसबी (lsusb) ही कमांड द्यावी, सगळी छोटी इंग्रजी अक्षरं, आणि जागा फक्त -nnk च्या आधी. स्क्रीनचा फोटो काढून आम्हाला पाठवलात तर निम्मं काम तिथेच झालं.

ड्रायव्हरच्या जागी नाव दिसत असेल तर तुमचा ड्रायव्हर आहे, तो परत टाकायची गरज नाही. अडचण दुसरीकडे आहे. ही एक ओळ वाचली जात नाही म्हणून पुढचा सगळा गोंधळ होतो.

ज्या चुकीत अर्धा दिवस जातो

वायफाय दिसलं नाही की लोक नेटवर शोधतात, पहिल्या पानावर सापडलेल्या कमांड टर्मिनलमध्ये चिकटवतात, जमलं नाही की दुसऱ्या पानावरच्या, मग तिसऱ्या. आमच्याकडे मशीन येतं तेव्हा त्यात दोन-तीन परके ड्रायव्हर एकमेकांच्या डोक्यावर बसलेले असतात. आम्हाला आधी ते उपसावे लागतात, मग मूळ दुखणं शोधायचं.

यातली खरी खोच समजून घ्या. लिनक्समध्ये वायफायचे बहुतेक ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच येतात, वेगळी सीडी लागत नाही. कर्नल जसा नवा होतो तशी त्यात चिपची भर पडत जाते. रियलटेकच्या ८८२१सीयू आणि ८८२२बीयू या बाजारात भरपूर मिळणाऱ्या डोंगल चिपचा आधार कर्नल ६.२ मध्ये आला. मिंट २१ मूळ ५.१५ कर्नलवर आलं होतं, त्यामुळे तेव्हा हे डोंगल लावण्यासाठी बाहेरून ड्रायव्हर आणून बांधावा, म्हणजे त्या कर्नलसाठी तयार करून घ्यावा लागायचा आणि त्या वेळच्या सूचना बरोबरच होत्या. मिंट २२ मूळ ६.८ कर्नलवर आलं. आज तोच डोंगल नुसता खोचला की चालायला हवा. पण जुनी सूचना अजून नेटवर आहे, लोक ती पाळतात, आणि बाहेरचा ड्रायव्हर आतल्या ड्रायव्हरशी भांडायला लागतो.

त्यातून वाईट म्हणजे अशा सूचनांत बऱ्याचदा एक ब्लॅकलिस्टची ओळ असते. ती ओळ कर्नलला सांगते की अमुक ड्रायव्हर चालू करू नकोस. परका ड्रायव्हर नंतर काढून टाकला तरी ती ओळ मॉडप्रोब.डी फोल्डरमध्ये तशीच राहते, आणि मग योग्य ड्रायव्हर मशीनमध्ये असूनही उठत नाही. अशा वेळी तुम्ही चांगला नवा डोंगल आणलात तरी तो मेल्यासारखा वाटू शकतो. मशीन आल्यावर आम्ही सर्वांत आधी हा फोल्डर बघतो.

"काल अपडेट आलं आणि आज वायफाय गेलं" याचं कारणही बहुधा इथेच असतं. बाहेरून आणलेला ड्रायव्हर ज्या कर्नलसाठी बांधला त्याच्याशीच जुळतो. नवा कर्नल आला की तो परत बांधावा लागतो. डीकेएमएस नावाची सोय हे आपोआप करते, पण त्यासाठी नव्या कर्नलच्या हेडर फाइल हव्यात आणि ड्रायव्हर लिहिणाऱ्याने तो नव्या कर्नलसाठी सुधारलेला हवा. तो माणूस थांबला की तुमचं वायफायही थांबतं. घाई असेल तर मशीन सुरू होताना ग्रबच्या (काय सुरू करायचं ते विचारणाऱ्या) मेनूत ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जाऊन आधीचा कर्नल निवडा. त्या दिवसापुरतं काम भागेल.

तेव्हा कृपा करून इतकंच: चिपचा आयडी हातात येईपर्यंत एकही कमांड चिकटवू नका, आणि वायफायसाठी म्हणून मशीन फॉरमॅट तर मुळीच करू नका. फॉरमॅट केल्यावर तेच लिनक्स, तोच कर्नल, तीच चिप. मशीनमध्ये परका ड्रायव्हर शिरलेला नसेल तर अडचण आहे तशीच राहते, आणि फोटो, टॅलीचे बॅकअप मात्र जातात.

ड्रायव्हर असून वायफाय नाही

हे जास्त वेळा घडतं आणि उपाय सोपे असतात. काही लॅपटॉपच्या कडेला वायफायचा सरकता खटका असतो, काहींत फंक्शन बटणासोबत दाबायची कळ. आरएफकिल लिस्ट (rfkill list) ही कमांड दिल्यावर हार्ड ब्लॉक्ड पुढे यस असेल तर आधी तो खटका किंवा कळ बघा. सॉफ्ट ब्लॉक्ड पुढे यस असेल तर आरएफकिल अनब्लॉक ऑल (rfkill unblock all) ही कमांड द्या.

विंडोज आणि लिनक्स दोन्ही एकाच मशीनवर असतील तर विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असताना विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि काही कार्डं लिनक्सच्या हाती नीट येत नाहीत.

फर्मवेअर ही आणखी एक पायरी. इंटेल, रियलटेक, मीडियाटेकच्या बहुतेक चिपना ड्रायव्हरशिवाय एक छोटी फाइल लागते, जी सुरू होताना चिपमध्ये भरली जाते. ती नसेल तर डीमेसेज (dmesg) या कमांडने दिसणाऱ्या कर्नलच्या नोंदीत फर्मवेअर लोड फेल्ड, एरर वजा २ अशी ओळ येते. वजा २ म्हणजे फाइल जागेवर नाही. मिंट आणि उबुंटूत या फाइल सोबतच येतात. डेबियनच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये त्या आवृत्ती १२ पासून, म्हणजे २०२३ पासून आहेत. त्याआधीचं डेबियन असेल तर वेगळ्या आणाव्या लागतात. जुन्या ब्रॉडकॉम कार्डांसाठी मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमध्ये बघा, बऱ्याचदा तिथे नुसती टिक करायची असते.

ड्रायव्हर उतरवायला नेट हवं आणि नेटसाठी ड्रायव्हर, या कात्रीत सापडलात तर फोन यूएसबी केबलने जोडा आणि फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. अँड्रॉइड फोनला त्यासाठी वेगळं काही टाकावं लागत नाही, वायरच्या नेटवर्कसारखा तो लगेच ओळखला जातो.

सिक्युअर बूट (सही नसलेलं सॉफ्टवेअर अडवणारी सोय) चालू असलेल्या मशीनवर बाहेरचा ड्रायव्हर टाकलात तर एक पासवर्ड मागितला जातो आणि पुढच्या रीस्टार्टला निळी स्क्रीन येते. तिथे एनरोल एमओके निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. ती स्क्रीन काही सेकंदच थांबते. चहा आणायला गेलात की निघून जाते, ड्रायव्हर बांधलेला असूनही चालत नाही, आणि लोक पुन्हा कमांड चिकटवायला लागतात.

रॅम किंवा एसएसडी टाकून घेतल्यानंतर राउटरजवळ बसल्यावरच वायफाय येत असेल तर कार्डावरच्या बारीक अँटेना वायरी सुटल्या असण्याची शक्यता आहे. तिथे सॉफ्टवेअरचा काही संबंध नाही. मालवण, वेंगुर्ले अशा किनाऱ्यालगतच्या घरांत खाऱ्या हवेने या टोकांवर आणि डोंगलच्या पिनांवर गंजही धरतो. ते साफ करून मिळेल.

घर चिऱ्याचं असेल तर राउटरचं ५ गिगाहर्ट्झ नेटवर्क दोन भिंतींपलीकडे जेमतेम पोचतं, आणि पावसाळ्यात भिंती भिजल्या की त्याहून कमी. २.४ वर जोडा. आणि राउटरचं ५जी लिहिलेलं नाव लॅपटॉपला दिसतच नसेल तर कार्ड फक्त २.४ चं असू शकतं. अथेरॉस ९२८५, ब्रॉडकॉम ४३१३, रियलटेक ८७२३बीई ही जुन्या लॅपटॉपमधली कार्डं तशीच आहेत. त्यांना कुठल्याही ड्रायव्हरने ५ गिगाहर्ट्झ येणार नाही.

आम्ही काय करतो, काय ठेवतो

आम्ही तपासणी फी घेतो आणि दोष फक्त खटक्याचा निघाला तरी घेतो, यावर काहींची नाराजी असते. पण खटकाच आहे हे शोधायलाच तपासणी लागते, आणि त्यात आम्ही काय सापडलं ते चिपच्या आयडीसह कागदावर लिहून देतो. तो कागद जपून ठेवा, पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाकडे गेलात तरी उपयोगी पडेल. आमच्याकडून मशीनवर लिनक्स टाकून घेतलं असेल तर वायफायची तपासणी फी नाही, कारण लिनक्स टाकण्याआधी आम्ही पेनड्राइव्हवरूनच ते चालवून वायफाय, आवाज आणि प्रिंटर बघतो. तुम्ही स्वतः टाकणार असाल तरी ही सवय ठेवा. पेनड्राइव्हवर जे वायफाय चालत नाही ते टाकल्यावर आपोआप चालणार नाही.

फोनवर कमांड सांगायचं आम्ही थांबवलंय. एक अक्षर चुकलं की नुकसान तुमचं होतं.

डोंगल आम्ही मोजकेच ठेवतो, आणि ते ऑनलाइनपेक्षा थोडे महाग पडतात हे खरं आहे. पण ते सगळे मीडियाटेकच्या अशा चिपचे आहेत ज्यांचा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे, त्यामुळे अपडेटनंतर पुन्हा बांधाबांध नाही. साध्या कामाला ७६०१यू पुरतो, तो फक्त २.४ गिगाहर्ट्झचा. दोन्ही बँड हवे असतील तर ७६१२यू. विकण्याआधी तुमच्याच मशीनवर लावून दाखवतो. लॅपटॉपच्या आतलं कार्ड बदलायचं असेल तर एम.२ जागा (कार्ड बसवायची छोटी खाच) असलेल्या मशीनसाठी इंटेल एएक्स २१० सुचवतो. ऑनलाइन स्वस्त दिसणारं एएक्स २०१ घेऊ नका. ते दिसायला तसंच असलं तरी इंटेलच्या ठरावीक प्रोसेसरच्या मशीनमध्येच चालतं, एएमडीच्या मशीनमध्ये चालत नाही. काही जुन्या थिंकपॅड आणि एचपी लॅपटॉपचा बायोस (मशीन सुरू करणारा आतला प्रोग्राम) कंपनीच्या यादीबाहेरचं कार्ड स्वीकारत नाही. त्यांच्यासाठी डोंगलच बरा. कार्ड मागवण्याआधी मॉडेल नंबर दाखवून जा, विचारायला पैसे पडत नाहीत.

येताना मशीनसोबत चार्जर आणि असेल तो डोंगल घेऊन या. वायफायचा पासवर्ड लागत नाही, तपासणी आमच्या नेटवर होते. राउटरच्या मागच्या स्टिकरचा फोटो मात्र फोनमध्ये असू द्या. आधी काही कमांड दिल्या असतील तर त्या कुठून घेतल्या ते सांगा, कुणी रागावणार नाही, काम लवकर होईल. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात होमस्टेवाल्यांची गर्दी असते, तेव्हा लॅपटॉप ठेवून जायची तयारी असेल तरच या, नाहीतर चतुर्थी झाल्यावर.