व्हॉल्टचा घोडा गेला, टेबल आलं

जिम्नॅस्टिक्समधल्या व्हॉल्टला, म्हणजे धावत येऊन साधनावर हात टेकत मारायच्या उडीला, आज जे रुंद, पुढच्या बाजूने उतरतं झालेलं टेबल दिसतं ते 2001 पासूनचं. त्याआधी तिथे घोडा असे, म्हणजे पायांवर उभा केलेला लांबट, गादीदार ठोकळा. लांबी 160 सेंटीमीटर, रुंदी जेमतेम 35. पुरुष तो लांबीच्या बाजूने ओलांडत, मुलींसाठी आडवा लावत. म्हणजे वीस-पंचवीस मीटर जिवाच्या आकांताने धावत आलेल्या मुलीला हात टेकायला जागा किती, तर दीड वीत.

समोर बघत हात टेकायचे तोवर हे निभत होतं. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला सोव्हिएत जिम्नॅस्ट नतालिया युर्चेन्कोने वेगळीच उडी आणली. धावेच्या शेवटी जमिनीवर हात टेकून राउंड-ऑफ घ्यायचा, म्हणजे हातांवरून अंग उलटं फिरवायचं, आणि पाय स्प्रिंगबोर्डवर, म्हणजे उसळी देणाऱ्या फळीवर आणायचे, तेव्हा पाठ घोड्याकडे असते. तशीच मागे झेप घेऊन हात टेकायचे. हात पडेपर्यंत घोडा नीट दिसतही नाही. पण हवेत फिरायला वेग भरपूर मिळतो आणि अवघड फिरकीला गुण जास्त. उडी झपाट्याने पसरली.

मे 1988 मध्ये टोकियोच्या एका स्पर्धेत, अंतिम फेरीआधीच्या सरावात, 15 वर्षांच्या अमेरिकन ज्युलिसा गोमेझचा पाय स्प्रिंगबोर्डवरून निसटला. डोकं घोड्यावर आदळलं आणि मानेखालचं शरीर लुळं पडलं. तीन वर्षांनी, 1991 मध्ये ती गेली. ही उडी तिला नीट बसत नव्हती, हे सोबतच्यांना दिसत होतं. तरी ती तिच्या कार्यक्रमात राहिली, हे मला आजही पचत नाही.

त्यानंतर 1989 मध्ये स्प्रिंगबोर्डभोवती यू आकाराची गादी लावायला परवानगी मिळाली. पुढे युर्चेन्को प्रकारच्या उड्यांसाठी ती सक्तीची झाली. घोडा मात्र होता तिथेच राहिला. 2000 च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये तर तो 5 सेंटीमीटर खाली लावला गेला होता. एकामागून एक मुली पडत गेल्या आणि चूक अखेर ऑस्ट्रेलियाच्या अलाना स्लेटरच्या लक्षात आली, पंचांच्या नाही. पुढच्याच वर्षी 95 सेंटीमीटर रुंदीचं टेबल आलं.

पण साधन बदलून अर्धाच प्रश्न सुटतो. उरलेला प्रश्न सरावाच्या तासांचा आहे. वरच्या पातळीवरच्या मुली आठवड्याला तीस-तीस तास सराव करतात, तेही हाडं वाढत असताना. मनगटाजवळ हाड जिथून वाढतं तो भाग मऊ असतो. युर्चेन्कोत शरीराचा सगळा भार क्षणभर तिथेच येतो, आणि तोही एका सरावात कितीतरी वेळा. मनगट दुखतंय असं पोर म्हणाली तर तो कंटाळा समजू नये. सोव्हिएत विश्वविजेती येलेना मुखिना मोडलेला पाय पुरता सांधण्याआधीच सरावाला उतरवली गेली. फ्लोअरवरच्या, म्हणजे जमिनीवरच्या कसरतीतल्या, थॉमस साल्टो या कोलांटीत मान मोडेल, असं तिने प्रशिक्षकाला सांगितलंही होतं. जुलै 1980 मध्ये, मॉस्को ऑलिंपिकच्या दोन-तीन आठवडे आधी, मिन्स्कच्या सरावात ती त्याच कोलांटीत हनुवटीवर आदळली आणि कायमची अंथरुणाला खिळली.

आपल्याकडे व्हॉल्ट घराघरांत पोचला तो दीपा कर्माकरमुळे. 2016 च्या रिओत तिने प्रोदुनोव्हा ही उडी मारली, पुढच्या बाजूला दोन कोलांट्या हवेत घेऊन. चौथी आली, 15.066 गुण. त्या उडीचं काठिण्यमूल्य तेव्हा 7.0 होतं. पूर्ण फिरता आलं नाही तर माणूस मानेवर पडतो, तरी एवढ्या गुणांसाठी तयारी कच्ची असलेल्यांनाही ती मारावीशी वाटे. दीपाने मात्र ती अनेक वर्षं घोटली होती. रिओनंतरच्या गुणसंहितेत ते मूल्य उतरवलं गेलं.

2023 मध्ये अँटवर्पच्या जागतिक स्पर्धेत अमेरिकेच्या सिमोन बाइल्सने युर्चेन्को दुहेरी पाइक मारला, म्हणजे युर्चेन्कोसारखी सुरुवात करून, पाय ताठ ठेवून कमरेत वाकत मागे दोन कोलांट्या. तिचे प्रशिक्षक लॉरें लांदी गरज पडली तर सावरता यावं म्हणून गादीवर उभे होते. नियमाप्रमाणे त्यासाठी अर्धा गुण कापला गेला. तो जाणार हे दोघांना आधीच माहीत होतं.