कायदेशीर समर्थन (फौजदारी कायदा)

कृत्य आपणच केले हे मान्य करून, त्या परिस्थितीत ते करायला कायद्याचीच मुभा होती असे आरोपी सांगतो, त्या बचावाला कायदेशीर समर्थन म्हणतात. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवणे, मोठी हानी टाळण्यासाठी लहान हानी पत्करणे (म्हणजे निकड), कायद्याने सोपवलेले काम पार पाडणे हे त्याचे नेहमीचे प्रकार. पसरती आग अडवण्यासाठी मधले घर पाडणारा नुकसान करतो, पण गुन्हा करत नाही.

समर्थन आणि क्षमा यांची गल्लत फार होते. मनोविकाराच्या भरात वार करणाऱ्याचे कृत्य चुकीचेच असते, फक्त त्याला दोष दिला जात नाही; ही क्षमा. समर्थनात मात्र कृत्यच योग्य ठरते. त्यामुळे त्याला मदत करणाराही सुटतो. शिवाय बचाव करणाऱ्याने उगारलेल्या हाताविरुद्ध हल्लेखोराला स्वसंरक्षणाचा हक्क सांगता येत नाही. जर्मन दंडसंहितेत हा भेद कलमांतच आहे: कलम ३४ समर्थनीय निकडीचे, कलम ३५ क्षम्य निकडीचे. इंग्लिश कायद्यात ही रेघ इतकी ठळक नाही.

धोका तोंडावर आलेला हवा आणि बळ गरजेपुरतेच हवे. पळणाऱ्या हल्लेखोरावर मागून केलेला वार बहुधा सूडच ठरतो. कारण ठाऊक असणेही महत्त्वाचे. १८५०च्या डॅडसन खटल्यात एका शिपायाने पळणाऱ्या लाकूडचोरावर गोळी झाडली. चोराला आधी शिक्षा झालेल्या असल्याने त्याची चोरी गंभीर गुन्हा ठरत होती आणि म्हणून गोळी झाडण्याची मुभा होती, पण शिपायाला ते माहीत नव्हते. तो दोषी ठरला.

सर्वांत अवघड प्रश्न निरपराधाच्या जिवाचा. १८८४ साली 'मिन्योनेट' ही नौका बुडाल्यावर होडीत उपाशी पडलेल्या डडली आणि स्टीफन्स यांनी रिचर्ड पार्कर या सतरा वर्षांच्या आजारी मुलाला मारून खाल्ले. निकड हे खुनाचे समर्थन नाही, असे न्यायालयाने ठरवले. फाशीची शिक्षा पुढे दयेने सहा महिन्यांच्या कैदेवर आली. म्हणजे माणसांवर दया झाली, कृत्याला मान्यता मिळाली नाही. २००० साली मात्र, एक बाळ दगावणार हे ठाऊक असूनही, जोडलेल्या जुळ्या मुलींना वेगळे करण्याची शस्त्रक्रिया इंग्लंडच्या अपील न्यायालयाने कायदेशीर ठरवली. निकडीचा आधार त्या निकालात होता.